शिंपल्यांचा चुना आणि वासराचा वाटा

आमचं घराणं फोंड्याकडचं, म्हणजे नव्या काबिजादीतलं. हा महाल 1763 साली पोर्तुगिजांकडे गेला. घरात बोलणं कोंकणी, पोथ्या आणि पत्रं मराठी. देवळांवर, जमिनींवर खूप लिहिलं गेलंय. गोठ्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून आज हे.

आमच्याकडे वासराला चुन्याची निवळी देत. आजी मडक्यात विरलेला चुना घालून पाणी ओतायची, रात्रभर ठेवायची. सकाळी गाळ तळाशी बसला की वरचं नितळ पाणी वाटीभर पेजेत मिसळायची. पाणी गार हवं, ही तिची ताकीद. त्याला कारण आहे : चुना गरम पाण्यापेक्षा गार पाण्यात जास्त विरघळतो.

हा चुना डोंगरातला नव्हे, समुद्राचा. आपल्याकडे सगळा जांभा दगड, चुनखडी जवळपास नाहीच. म्हणून तिसऱ्या, खुबे, कालवं यांची कवचं भट्टीत भाजून चुना काढत. घरांच्या भिंती त्यानेच गिलावल्या, पानाला तोच लागला. मुसळधार पावसाने जांभ्या मातीतलं कॅल्शियम धुऊन जातं, त्यामुळे गवतातही ते कमी. भाताच्या पेंढ्यातल्या ऑक्झलेटमुळे असलेलंही पुरतं अंगी लागत नाही. पावसाने नेलेलं थोडंसं समुद्राकडून परत आणायचं, असाच हा प्रकार.

पण हिशेब करून पाहिला तर वेगळंच दिसतं. लिटरभर निवळीत कॅल्शियम एक ग्रॅमही भरत नाही. वाटीभरात किती असणार? गाईच्या लिटरभर दुधात मात्र साधारण 1.2 ग्रॅम असतं आणि चिकात त्याहून बरंच जास्त. शिवाय हाडं नुसत्या कॅल्शियमने होत नाहीत. फॉस्फरस लागतो, ऊन लागतं. नाहीतर वासराला मुडदूस होतो, पाय वाकतात.

म्हणजे वासरं तगत होती ती आजीच्या दुसऱ्या नियमामुळे : एक आंचळ वासराचं, त्याला हात लावायचा नाही. घरात दूध कमी पडलं, पाहुणे आले, तरी नाही. यावरून घरात भांडणं झालेली मला आठवतात. वाड्यावर एका घरी दूध सगळं विकायला जाई. "निवळी देतो की," असं तिथे म्हणत. त्यांची वासरं पोट सुटलेली, पायांत जोर नसलेली. दोन तर पावसाळ्यातच गेली. चुना हा जोड होता, दुधाचा बदला नव्हे.

वासरू चरायला लागलं की आजी आगस्त्याचा, म्हणजे हदग्याचा पाला घाली. शंभर ग्रॅम हिरव्या पाल्यात एक ग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम. वाटीभर निवळीच्या कितीतरी पट! तिला ग्रॅम ठाऊक नव्हते. पाला खाणारं वासरू लवकर भरतं, एवढं ती पाहत आली होती.

आपल्या पांढऱ्या गावठी गाईला आता 'श्वेतकपिला' म्हणून जातीची सरकारी नोंद मिळाली आहे. आनंदच आहे. पण जात नोंदली गेली तरी तिला वाढवायची रीत कागदावर नाही. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे आणि ती माणसं कमी होत चालली आहेत.

तुमच्याकडे वासराला काय देत? बेळगावकडे, बडोद्याला, इंदूरला वेगळं काही असेल. घरात विचारा आणि इथे लिहा. आणि हो, निवळीबरोबर वासराला दूध किती सोडत, तेही आवर्जून विचारा.