शेजारच्या घरातील पहारा

शेजाऱ्याच्या घरात भांडण पेटले म्हणजे आपण मध्ये पडावे की दार लावून बसावे, हा प्रश्न चाळीत अवघड, आणि राष्ट्राराष्ट्रांत तर त्याहून अवघड. मध्ये पडणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी भांडणाऱ्या दोघांनीही त्याचा शब्द मानला आहे काय, हे आधी पाहावे लागते. १९८७ साली श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेची हकीकत याच कसोटीवर एकदा तपासावी, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

१९८३ च्या जुलैमध्ये कोलंबोत तमिळांची घरेदुकाने जळली व हजारो निर्वासित समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. तमिळ बंडखोरांना आश्रय, शिक्षण व शस्त्रे आपल्याच भूमीवर मिळाली, हेही येथे नमूद केले पाहिजे. पुढे जाफना द्वीपकल्पाची कोंडी झाली, तेव्हा ४ जून १९८७ रोजी आपल्या विमानांनी तेथे अन्नधान्य टाकले. आणि २९ जुलैला राजीव गांधी व जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. उत्तर व पूर्व प्रांत एकत्र यावेत, तमिळ भाषेला राजभाषेचा दर्जा मिळावा, बंडखोरांनी बहात्तर तासांत शस्त्रे खाली ठेवावीत, असा तो करार होता. त्याच्या पालनाची हमी भारताने घेतली.

कागद उत्तम होता. परंतु त्यावर सह्या दोन सरकारांच्या; ज्यांच्या हातांत बंदुका होत्या त्या वाघांची, म्हणजे लिट्टेची, सही त्यावर नव्हतीच. सिंहली जनतेचेही मन त्यात नव्हते. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या रांगेतील एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला.

वर्गात तैनाती फौजेचा धडा शिकवताना मला हे हटकून आठवते. १८०२ च्या वसईच्या तहावर सह्या बाजीराव पेशवे व इंग्रज यांच्या. फौज पेशव्यांच्याच विनंतीवरून आली. शिंदे-भोसल्यांना कोणी विचारले नव्हते, आणि वर्षाच्या आत युद्ध पेटले. इंग्रजांना येथे राहायचे होते व आपल्याला तेथे राहायचे नव्हते, हा फरक मोठाच आहे. परंतु अंगणात परके सैन्य उभे राहिले म्हणजे घरधन्याच्या मनात काय येते, हे मराठी माणसाला निराळे सांगावे लागू नये.

जाफन्यात आपल्या जवानांचे प्रथम हारतुऱ्यांनी स्वागत झाले. दोन महिन्यांत सारे पालटले. उपोषणाला बसलेला लिट्टेचा थिलीपन २६ सप्टेंबरला वारला. ५ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या ताब्यातील लिट्टेच्या बारा जणांनी सायनाइड खाऊन प्राण दिले. त्यानंतर शांतिसेनेची लढाई सुरू झाली, तीही जिच्या रक्षणासाठी ती गेली होती त्या वस्तीतच. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरांतून उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस तेथेच पडले.

२१ ऑक्टोबर हा तेथील तमिळांच्या दीपावलीचा दिवस. त्या दिवशी आपले सैनिक जाफन्याच्या रुग्णालयात शिरले. रुग्ण, परिचारिका व डॉक्टर मिळून साठाहून अधिक माणसे मेली. आतून गोळ्या आल्या, असे सैन्याचे म्हणणे. जे वाचले त्यांची साक्ष वेगळी आहे. दिवाळी अंकात हा उल्लेख कडू लागेल. पण सोयीची पाने तेवढी वाचणे म्हणजे इतिहास वाचणे नव्हे.

याच हकीकतीत २५ नोव्हेंबरची रात्रही आहे. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतताना वेढले गेले. छातीत गोळी लागली असता त्यांनी मारेकऱ्याचीच बंदूक हिसकावून त्याला पाडले, आणि अखेरपर्यंत ते आपल्या लोकांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जवानांच्या शौर्यात उणे काहीच नव्हते. उणे होते ते त्यांना पाठवणाऱ्यांच्या हिशेबात.

शेवट विचित्र झाला. अध्यक्ष प्रेमदासांनी शांतिसेनेला निघून जाण्यास सांगितले आणि तिच्याशी लढणाऱ्या लिट्टेलाच शस्त्रे पुरवली. २४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. अकराशेहून अधिक जवान परतलेच नाहीत. आणि जे परतले त्यांच्या स्वागताला मद्रासमध्ये मुख्यमंत्री गेले नाहीत. १९९१ च्या मे महिन्यात राजीव गांधी व १९९३ च्या मे महिन्यात प्रेमदासा, दोघांचाही बळी लिट्टेने घेतला. श्रीलंकेतील युद्ध पुढे २००९ पर्यंत चालले.

मग शेजाऱ्याच्या हाकेला कधी धावूच नये काय? असे मी म्हणणार नाही. १९८३ चा वणवा पाहून स्वस्थ बसणे हेही माणुसकीचे नव्हते. परंतु झालेली शांतता राखणे हे एक काम, न झालेली शांतता बंदुकीने घडवणे हे दुसरे. आणि पहिल्या कामाला म्हणून पाठवलेल्या जवानाकडून दुसरे करून घेणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे. कोलंबोजवळ त्या मृत जवानांचे स्मारक श्रीलंकेच्या सरकारने उभारले आहे. पुन्हा कधी शेजारी सैन्य धाडण्याची वेळ आली, तर करारावर कोणाच्या सह्या नाहीत, हे सह्या करणाऱ्यांनी आधी पाहावे. तेवढे ऋण त्या अकराशे घरांचे आपल्यावर आहे.