द्वंद्वयुद्धाची पेटीबंद पिस्तुले

द्वंद्वयुद्धाची पेटीबंद पिस्तुले म्हणजे युरोपातील प्रतिष्ठितांच्या द्वंद्वयुद्धासाठी घडविलेली, एकाच लाकडी पेटीत साधनांसह ठेवलेली दोन एकसारख्या पिस्तुलांची जोडी होय. १९व्या शतकातील टोपीच्या पिस्तुलांच्या अखंड जोड्या संग्राहकांत मोलाच्या मानल्या जातात.

इतिहास

स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाच्या वापराचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी प्रचारात आली व चकमकीची पिस्तुले मागे पडली. मात्र १८४०च्या दशकात ब्रिटनमधील द्वंद्वयुद्धाची प्रथा ओसरली. फ्रान्स व बेल्जियममध्ये अशा अनेक जोड्या नेमबाजीच्या सरावासाठीही बनविल्या गेल्या. म्हणून पेटीतील प्रत्येक पिस्तुलाने रक्त सांडले असे मानणे चूक ठरते.

पेटी व साधने

इंग्रजी पेटीत लोकरी कापडाचे अस्तर व सरळ कप्पे असतात. फ्रेंच पेटीत प्रत्येक वस्तूच्या आकाराची खोबण कोरलेली असते. दारूची कुपी, गोळ्यांचा साचा, गज आणि टोप्यांची डबी ही नेहमीची साधने होत.

अस्सलपणाची पारख

जुनी पिस्तुले नव्या पेटीत बसवून, किंवा निरनिराळ्या ठिकाणची साधने एकत्र करून 'मूळ संच' म्हणून विकण्याचे प्रकार होतात. त्यामुळे खोबणींची तंतोतंत जुळणी, अस्तरावरील दाबाच्या जुन्या खुणा, कारागिराची चिठ्ठी व दोन्ही पिस्तुलांवरील खुणांची एकवाक्यता तपासतात. जास्त घासून चकाकी आणल्यास कोरीवकाम व धातूवरील मूळ झाक नष्ट होते. ही हानी भरून येत नाही.