भास्कराचार्य बीडचे? एका दुरुस्तीचा माग

बीड जिल्ह्याच्या इतिहासावर काम करायला घेतलंत की एक दावा कधी ना कधी तुमच्यासमोर येणारच: भास्कराचार्यांचं विज्जलवीड म्हणजे आपलं बीड. वाचून बरं वाटतं. जिल्ह्याचा मान वाढतो, प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक छान परिच्छेद होतो. पण तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, ‘हे कशावरून?’, तर काय सांगाल? कुणीतरी आधी लिहिलंय म्हणून, एवढंच?

जर्नलमधल्या दुरुस्त्या आणि मागे घेतलेले लेख समजून घ्यायला हा प्रश्न फार कामाचा आहे. आधी आजची पद्धत थोडक्यात पाहू.

छापताना प्रकाशकाकडून चूक झाली तर एरॅटम निघतं. लेखकाची चूक असेल, पण मूळ निष्कर्ष टिकत असेल, तर कॉरिजेन्डम. शंका गंभीर आहे पण चौकशी अपुरी आहे, तेव्हा संपादक ‘एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न’ म्हणजे चिंतेची सूचना लावतात. आणि निष्कर्षावर विसंबताच येत नसेल, तर रिट्रॅक्शन, म्हणजे लेख मागे घेणं. संपादकांची ‘कोप’ ही संस्था 1997 मध्ये सुरू झाली आणि 2009 मध्ये तिने रिट्रॅक्शनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातला मुद्दा नीट लक्षात घ्या: रिट्रॅक्शनचा हेतू लेखकाला शिक्षा करणं हा नाही, वाचकाला सावध करणं हा आहे. प्रामाणिक चुकीमुळेही लेख मागे घेतला जातो. आणि मागे घेतलेला लेख सहसा पुसून टाकत नाहीत. त्यावर ठळक शिक्का मारून तो तसाच ठेवतात. चूक दिसली पाहिजे, तिची दुरुस्तीही दिसली पाहिजे.

आता इतिहासाकडे या. इथे अडचण अशी की जुन्या दाव्यांवर शिक्का मारायला कुणी बसलेलं नसतं. तो माग आपल्यालाच काढावा लागतो.

मूळ पुरावा काय? भास्कराचार्यांचा जन्म शके 1036 चा, म्हणजे इ.स. 1114. वयाच्या 36 व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. त्याच ग्रंथात ते आपल्याबद्दल थोडं सांगतात: सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेल्या विज्जडविड नावाच्या नगरात शांडिल्य गोत्राचे महेश्वर राहत होते आणि आपण त्यांचे पुत्र. हस्तलिखितांत हे नाव विज्जलविड असंही येतं. इथे जरा थांबा. ‘माझा जन्म तिथे झाला’ असं ते म्हणतच नाहीत. जन्मगाव हा आपण काढलेला अर्थ आहे. तो बहुधा बरोबर असेल, पण पुरावा वेगळा आणि अर्थ वेगळा.

1587 मध्ये फैजीने ‘लीलावती’चा फारसी अनुवाद केला. त्याच्या प्रस्तावनेत भास्कराचार्य बीदरचे असल्याचं येतं. घटिकापात्रात मोती अडकून लग्नाचा मुहूर्त टळलेल्या लीलावती नावाच्या मुलीची गोष्टही तिथूनच पसरली. भास्कराचार्यांनंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहिलेलं हे साधन! तरीही ती गोष्ट आजही खुद्द भास्कराचार्यांनी सांगितल्यासारखी छापली जाते.

खरी कलाटणी आली ती मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यामुळे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या देवळातला शिलालेख त्यांनी उजेडात आणला आणि 1865 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याबद्दल लिहिलं. शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, यादव राजा सिंघणाच्या काळातला. त्यात त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्यांचा नातू चांगदेव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ व घराण्यातले इतर ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन झाला, हेही त्यात आहे. शेवटी मठासाठी दिलेल्या दानांचा तपशील थेट जुन्या मराठीत येतो. पुढे कीलहॉर्न यांनी हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्याच खंडात पुन्हा संपादित केला. चाळीसगाव तालुक्यातल्याच बहाळच्या शके 1144 च्या लेखात याच घराण्यातला अनंतदेव भेटतो.

मग बीडचा दावा रद्द झाला का? घाई करू नका. पाटणच्या लेखाने काय सिद्ध केलं? घराणं कोणतं आणि नातवाच्या काळात त्याची पाळंमुळं कुठे होती, एवढं. विज्जडविड म्हणजे पाटण, असं तो लेख म्हणत नाही. बीडच्या बाजूने मुख्य आधार नावातल्या साम्याचा. ‘सह्य पर्वत’ या शब्दांशी बीड जुळत नाही, हा त्यावरचा आक्षेप. बालाघाट हा सह्याद्रीचाच फाटा आहे, हे त्याला दिलं जाणारं उत्तर. विजापूरचंही नाव घेतलं जातं. पण सारख्या वाटणाऱ्या नावांवरून गाव ठरवायचं तर बीड, बीदर, विजापूर अशी रांगच लागते. घराण्याचे कोरीव लेख मात्र खानदेशात सापडतात.

जर्नलच्या भाषेत मांडून बघा. लीलावतीची गोष्ट भास्कराचार्यांच्या तोंडी घालणाऱ्या लेखाला स्पष्ट दुरुस्ती लागेल. विज्जलवीड म्हणजे बीडच, असं ठामपणे म्हणणाऱ्या लेखाला चिंतेची सूचना. आणि पाटण हे जन्मगाव सिद्ध झालं, असं लिहिणाऱ्यालाही सूट नाही. तिथेही सूचना लागेलच. दुरुस्ती करणाराही पुराव्याच्या पुढे पळू शकतो, हे विसरू नका.

तुम्ही काय करायचं?

प्रत्येक महत्त्वाच्या दाव्याचा उगम शोधा. कुणी कुणाकडून घेतलं, ते वर्षासह लिहून ठेवा. शिलालेख वापरणार असाल तर पहिल्या वाचनावर थांबू नका. नंतरचं संपादन बघा, कारण पहिलं वाचन नंतर बदललेलं असू शकतं. आजचे लेख वापरताना रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत शोधा. 2023 पासून ही यादी क्रॉसरेफकडे आहे आणि सगळ्यांना मोफत खुली आहे. झोटेरो वापरत असाल तर मागे घेतलेल्या लेखावर ते स्वतःच इशारा देतं. असा लेख उद्धृत करावाच लागला, तर तो मागे घेतलेला आहे हे त्याच वाक्यात सांगा.

आणि वाक्यं मोजून लिहा. ‘भास्कराचार्य बीडचे’ याऐवजी ‘विज्जडविड म्हणजे बीड असा एक तर्क आहे, त्याचा आधार नामसाम्य आहे आणि पाटणच्या लेखातून त्याला पुष्टी मिळत नाही’ असं लिहिलंत, तर जिल्ह्याचा मान कमी होत नाही. अंबाजोगाई आणि धारूर ज्या जिल्ह्यात आहेत, त्याला इतिहास उसना घ्यायची गरज नाही.

तुमचा प्रबंध उद्या शोधगंगेवर चढेल. बीडच्याच एखाद्या कॉलेजातली मुलगी तो डाउनलोड करून त्यातलं वाक्य आपल्या प्रबंधात घेईल. तिला तिथे तर्क मिळणार की तर्काच्या वेशातलं सत्य, हे ठरवणं सध्या तरी तुमच्याच हातात आहे.