जयपूरचा दरबार आणि बोलपटाचे सूर

बोलपटाचे संगीत म्हणजे घटकाभराची करमणूक, असे मानणारे रसिक आजही भेटतात. परंतु त्या संगीताचे कूळ शोधू गेल्यास वाट कित्येकदा दरबाराच्या देवडीपर्यंत जाऊन पोहोचते. संगीतदिग्दर्शक खेमचंद प्रकाश यांचे चरित्र याची साक्ष देईल.

१९०७ साली राजस्थानातील सुजानगढ येथे त्यांचा जन्म झाला. वडील जयपूर दरबारचे गायक आणि कथक नर्तक. त्या संस्थानात 'गुणीजनखाना' नावाचे स्वतंत्र खातेच होते. गवई, वादक, नर्तक यांचे वेतन तेथून चाले. साहजिकच गायन आणि नृत्य ही दोन्ही अंगे खेमचंदांना घरातच लाभली आणि तेही दरबारी गायक झाले. मात्र राजाश्रय ओसरत चालला होता. कलावंताला नवा आश्रय शोधणे प्राप्त होते. तो त्यांना कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये आणि पुढे मुंबईच्या रणजित मूव्हीटोनमध्ये मिळाला.

१९४३ साली 'तानसेन' पडद्यावर आला. सैगल आणि खुर्शीद यांच्या कंठांतून खेमचंदांनी अकबराचा दरबार उभा केला. चार घटका रंगणारा राग अवघ्या तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत बसवावयाचा आणि तरीही त्याचे रूप ढळू द्यावयाचे नाही, ही कसरत त्यांना साधली. नौशाद यांनीही आरंभी त्यांच्या हाताखाली काम केले होते.

१९४९ च्या 'महल'मध्ये त्यांनी लता मंगेशकर या तरुण मराठी गायिकेकडून एक गीत गाऊन घेतले. आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता. म्हणून लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात ध्वनिक्षेपकापाशी आल्या. मुद्रिकेवर मात्र नाव छापले गेले ते कथेतील नायिकेचे, 'कामिनी'. श्रोत्यांनी नभोवाणीकडे पृच्छा केली, तेव्हा खरे नाव जगाला कळले.

चाळिशी ओलांडते न ओलांडते तोच खेमचंद निवर्तले; त्या यशाची फळे त्यांच्या वाट्यास आली नाहीत. दरबारात गवयाचे नाव वहीत नोंदले जाई, पण गाणे हवेत विरे. मुद्रिकेने गाणे राखले, नावाची मात्र हयगय केली. गायिकेचे नाव श्रोत्यांनी मागून घेतले. स्वर बांधणाऱ्याचेही नाव विचारण्याची सवय आपण लावून घ्यावयास हवी.