मस्टर कोणाच्या हाती?

हिशेबाची वही ज्याच्या हाती असते त्याच्या हाती माणसेही असतात, ही गोष्ट पालघर-डहाणूच्या मुलुखाला नव्याने सांगावयास नको. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली शेतमजूर उठले, ते वेठ आणि लग्नगडी या दोन प्रथांविरुद्ध. लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे कर्ज घ्यावे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबावे, ही लग्नगड्याची रीत. कर्ज किती फिटले, किती उरले, याचा आकडा सावकाराच्या चोपडीत असे. आणि ती चोपडी वारल्याला वाचता येत नसे. कर्जापेक्षा ती न वाचता येणारी चोपडीच त्याला अधिक जखडून ठेवी.

त्याच मुलुखात आज बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथील चोपडीला आम्ही कामगार मस्टर म्हणतो. मस्टर, पगारपत्रक, मालाची नोंद, बिले हे सारे एके काळी टाइम ऑफिसच्या लोखंडी कपाटात असे. मग ते कारखान्यातल्या संगणकात गेले, आणि अलीकडे ते ‘क्लाउड’मध्ये, म्हणजे ढगात गेले आहे असे आम्हांला सांगण्यात येते. हा ढग काय आहे आणि तो कोठून आला, याचा इतिहास कामगाराने जाणून घेतला पाहिजे, कारण त्याच्या आयुष्याची जमाखर्चाची वही त्यात आहे.

प्रथम कल्पना पाहू. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेच्या शताब्दीप्रसंगी जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने असा विचार मांडला की, टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. आम्हां तारापूरकरांस हे समजणे कठीण नाही. येथील अणुवीजकेंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या आणि ती महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत वाटली जाऊ लागली. वीज तारेतून येते, मीटर फिरतो, पैसे भरले जातात; प्रत्येक गिरणीने स्वतःची भट्टी बांधावी असे कोणी म्हणत नाही. संगणनाचेही तसेच व्हावे, ही मूळ कल्पना.

पण एक यंत्र अनेकांना वाटून द्यावयाचे कसे? ही युक्ती आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील शाखेने १९६० नंतरच्या दशकात साधली आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. चाळीचा दाखला घ्यावा. इमारत एक, पाया एक, नळ एक. पण बिऱ्हाडे अनेक, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला आपले दार निराळे. तसेच एका मोठ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रे नांदतात. प्रत्येकाला वाटते की सारे यंत्र आपलेच. कोणाला केव्हा किती काम द्यावयाचे आणि कोणी कोणाच्या खोलीत शिरू नये हे पाहणारा एक मुकादम मात्र लागतो. त्याला हायपरव्हायजर म्हणतात. तोही कार्यक्रमच, म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची मालिका.

पुढे छोटे संगणक स्वस्त झाले आणि प्रत्येक कामासाठी एक सर्व्हर अशी पद्धत पडली. एक हजेरीला, एक हिशेबाला, एक गोदामाला. प्रत्येकाला वीज, वातानुकूलन आणि जागा लागे, आणि बहुतेकांचा बराच वेळ रिकामा जाई. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती चाळीची युक्ती या छोट्या यंत्रांवर उतरविली आणि २००१ मध्ये सर्व्हरसाठी तिचा हायपरव्हायजर आला. दहा यंत्रांचे काम दोन यंत्रांवर भागू लागले. बिऱ्हाड एका चाळीतून दुसऱ्या चाळीत सामानासकट हलविणेही सोपे झाले. तेथून पुढची पायरी सरळ होती : आपली चाळ बांधण्याऐवजी परक्याच्या चाळीत खोली भाड्याने घ्यावी. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली अशा खोल्या तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली.

तेव्हा ढग आकाशात नाही. तो मुंबई-पुण्याकडच्या इमारतींत आहे. ज्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात एकेकाळी रासायनिक आणि इंजिनिअरिंग कारखान्यांची गर्दी होती, तेथेच ऐरोली, रबाळे, महापे येथे आज डेटा सेंटरे आहेत. यंत्रे हजारो, माणसे थोडी. आणि वीज मात्र अखंड.

आमच्या चळवळीने या यंत्राकडे कसे पाहिले, हाही इतिहासच आहे. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागला, तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. कलकत्त्याच्या इलाको हाउसमध्ये तो बसू नये म्हणून त्यांनी पहारा दिला. सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलन समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली, म्हणजे व्हीएम/३७० च्याच वर्षी आला. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रांविषयी करार केला. या साऱ्या झगड्यात प्रश्न एकच होता : यंत्र आल्यावर किती कारकून राहणार? तो प्रश्न रास्तच होता. परंतु कारकुनाने लिहिलेली वही पुढे कोणाच्या ताब्यात राहणार, हा दुसरा प्रश्न त्या गलबल्यात मागे पडला.

विजेचा दाखला येथेच अपुरा पडतो. विजेचे एक युनिट दुसऱ्या युनिटासारखेच. ते कोणत्या भट्टीतून आले हे न विचारताही दिवा लागतो. हजेरीची नोंद तशी नाही. ती एका विशिष्ट माणसाच्या एका विशिष्ट दिवसाची असते. ती गेली तर दुसरी नोंद तिच्या जागी चालत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे केंद्र जळाले, आणि ज्या ग्राहकांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांच्यापैकी अनेकांची माहिती कायमची गेली.

आग लागावीच लागते असेही नाही. तारापूर वसाहतीतील एक कारखाना बंद पडला तेव्हाचा आमचा अनुभव आहे. हजेरी आणि पगार यांचा सारा हिशेब भाड्याच्या सेवेवर होता. मालकाने भाडे थांबविले, खाते बंद झाले, आणि ग्रॅच्युइटीच्या मागणीच्या वेळी ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळाले. ज्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या डब्यात जपल्या होत्या त्यांची सेवा सिद्ध झाली. ज्यांना चिठ्ठी केवळ मोबाइलवर येत असे, ते दारोदार फिरले. ग्रॅच्युइटी सेवेच्या वर्षांवर ठरते. आणि १९३६ च्या वेतनवाटप कायद्याने तर नोंदवह्या शेवटच्या नोंदीनंतर तीनच वर्षे जपण्याचे बंधन घातले होते. तीस वर्षांच्या घामाला तीन वर्षांची वही, असा हा हिशेब!

मालकही या व्यवहारात निश्चिंत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे थांबवून वर्गणीची पद्धत लागू केली. ज्याने मुकादम विकत घेतला आहे असे मानले होते, त्याला नव्याने भाडेपट्टा करण्याची वेळ आली. कारखानदार स्वतःच कूळ झाला! कुळाला संरक्षण मिळावे म्हणून या राज्यात १९४८ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. ढगातल्या कुळाच्या नावाचा सातबारा अजून निघालेला नाही.

तथापि कायदा अगदीच झोपलेला नाही. कंपन्यांच्या हिशेबाच्या २०१४ च्या नियमांनुसार संगणकात ठेवलेल्या हिशेबवह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ही प्रत रोजच्या रोज ठेवावी लागते. वह्या क्लाउडवर असतील तर सेवा देणाऱ्याने दिलेला पत्ता निबंधकाला कळवावा लागतो. म्हणजे सरकार आणि भागधारक यांच्यासाठी ढगाला पत्ता आहे. मग ज्याच्या घामाची ती नोंद, त्या कामगारासाठी तो का नसावा?

आम्ही क्लाउड नको म्हणत नाही. सामायिक वीजघर चांगले, तसे सामायिक यंत्रही चांगले. लहान कारखान्याला ते परवडते, आणि लोखंडी कपाटातील मस्टरही वाळवीने खाल्लेले आम्ही पाहिले आहे. आमची मागणी तीन कलमांची आहे आणि ती प्रत्येक करारनाम्यात लिहिली गेली पाहिजे. पहिले, हजेरी व पगाराची नोंद कोठे व कोणाकडे आहे हे युनियनला लेखी कळावे. दुसरे, दरवर्षी प्रत्येक कामगाराला, कंत्राटी कामगारालाही, त्याच्या वर्षाच्या नोंदीची सही-शिक्क्याची छापील प्रत मिळावी. तिसरे, कारखाना बंद होवो, विकला जावो वा सेवा बदलो, खाते मिटण्यापूर्वी सारी नोंद कामगारांच्या स्वाधीन व्हावी.

सावकाराची चोपडी वारल्याला वाचता येत नव्हती. आजच्या कामगाराला वाचता येते, पण ती त्याला दिसत नाही. १९४५ च्या माणसांनी वेठीला नकार दिला नसता तर ती संपली नसती. आपण निदान आपली प्रत मागून घेऊ या. पगाराच्या चिठ्ठ्या जपाव्या, आणि आपल्या मुलांना त्या कशा वाचाव्या हेही शिकवावे.