दुसरे तुकोजीराव होळकर आणि इंदूरचा लोहमार्ग

दुसरे तुकोजीराव होळकर 1844 साली दत्तकविधीने इंदूरच्या गादीवर आले. वय लहान असल्याने आरंभी राज्यकारभार दुसऱ्यांच्या हाती होता. 1852 मध्ये त्यांनी सारी सूत्रे स्वतःकडे घेतली आणि 1886 मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडली नाहीत.

त्यांचा सगळा भर महसुलावर आणि व्यापारावर होता. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस आणि अफू उदंड पिके, पण माल मुंबईला पोचवायचा तर विंध्याचा घाट आणि नर्मदा दोन्ही ओलांडावी लागत. 1860 च्या दशकात त्यांनी इंदुरात सरकारी कापड गिरणी काढली. त्याहून धाडसी पाऊल म्हणजे खांडवा ते इंदूर लोहमार्गासाठी ब्रिटिश सरकारला साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीने दिलेले एक कोटी रुपयांचे कर्ज. एका संस्थानिकाने सार्वभौम सत्तेला कर्ज द्यावे, ही त्या काळी विलक्षणच गोष्ट. 1870 च्या दशकात मार्ग तयार झाला. घाटातल्या कालाकुंड ते पाताळपाणी या टप्प्यात रूळ चाळीस फुटांना एक फूट चढतात.

तुकोजीरावांच्या या कारभारात 1873 ते 1875 या काळात तंजावरच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव इंदूरचे दिवाण होते. पुढे ते बडोद्याला गेले.

तुकोजीरावांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. खजिना भरला, पण साऱ्याचा बोजा कुणब्यांच्या डोक्यावर पडला. तरीही इंदूरला पुढे गिरण्यांचे शहर करणारा पाया तुकोजीरावांनीच घातला.