सरकारी, खाजगी आणि सार्वजनिक : हैदराबादच्या मराठी शिक्षणाकडे एक दृष्टिक्षेप

शाळा आणि ग्रंथालय ही एका घरातील दोन भावंडे होत. पहिली वाचायला शिकवते, दुसरे वाचनाची गोडी आयुष्यभर जतन करते. हैदराबादच्या मराठी समाजात ही दोन्ही भावंडे थोड्याफार वर्षांच्या अंतराने जन्मास आली. म्हणून ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त शाळेविषयी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये. आजकाल पालकांच्या बैठकीत ‘शाळा सरकारी बरी की खाजगी?’ हा प्रश्न हमखास निघतो आणि त्याचे उत्तरही ठरलेलेच असते. आपल्या शहराचा इतिहास मात्र या प्रश्नाला इतके सोपे उत्तर देत नाही.

निजामाच्या संस्थानात शिक्षणाकडे शासनाचे लक्ष नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या सालारजंगाच्या काळात दार-उल-उलूम ही संस्था निघाली. १८८७ साली निजाम कॉलेज स्थापन झाले. १९१८ साली उभ्या राहिलेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यक, कायदा आणि विज्ञान हे विषय उर्दूतून शिकवण्याचे धाडस केले. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग निर्माण करून शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देता येते, हे इंग्रजी अमदानीत सिद्ध करणारे हे पहिले विद्यापीठ होय. मराठीचा प्राध्यापक म्हणून मला या कर्तृत्वाचा हेवाच वाटत आला आहे.

परंतु ती भाषा प्रजेपैकी फार थोड्यांची होती. संस्थानात तेलुगू भाषक निम्म्याच्या आसपास आणि मराठी भाषक सुमारे एक चतुर्थांश होते. प्राथमिक वर्गांत मातृभाषेला जागा असे. माध्यमिक वर्गाची पायरी चढताच उर्दूचा उंबरठा लागे. शेतकऱ्याचे किंवा छोट्या दुकानदाराचे मूल त्या उंबरठ्यावरच थबकत असे. कचेरीला लागणारा नोकरवर्ग घडवणे हा सरकारी शाळेचा प्रमुख हेतू होता आणि तो साध्यही होत होता. प्रजेला शहाणे करणे हा हेतू मात्र मागे राहिला. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरांचे प्रमाण शेकडा दहाहूनही कमी भरले, यातच सारे आले.

ही उणीव भरून काढण्यासाठी जी माणसे पुढे आली त्यांत केशवराव कोरटकर अग्रगण्य होत. परभणी जिल्ह्यात १८६७ साली जन्मलेले केशवराव वकिलीत नावारूपास आले आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही झाले. त्यांच्या आणि वामनराव नाईकांसारख्या सहकाऱ्यांच्या आधाराने १९०६-०७ च्या सुमारास हैदराबादेत विवेक वर्धिनी उभी राहिली. तेव्हाच्या गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघाले ते याच सुमारास. औरंगाबादची सरस्वती भुवन आणि अंबेजोगाईची योगेश्वरी या संस्था त्याच परंपरेतल्या. पुण्यात १८८० साली निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचा आदर्श या मंडळींसमोर होता.

कायद्याच्या भाषेत या साऱ्या शाळा खाजगीच. पण त्या कोणाच्या मालकीच्या नव्हत्या. त्या वर्गणीवर, देणगीवर आणि तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या शिक्षकांच्या जिवावर चालत. नफा हा शब्द त्यांच्या हिशेबाच्या वहीत कधी आला नाही. शासनाला त्यांचे सार्वजनिकपण बरोबर कळले होते. १९२४ च्या नियमांनी खाजगी शाळा काढण्यास पूर्वपरवानगी आवश्यक ठरली आणि त्यापायी खेड्यापाड्यांतील कित्येक छोट्या शाळा बंद पडल्या. त्या शाळांचे भय शासनाला उगीच वाटत नव्हते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले आणि अंबेजोगाईच्या योगेश्वरीतले शिक्षक होते, हे आपण विसरता कामा नये.

तथापि या चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वर्गणीची शाळा वर्गणीदारांच्या वस्तीपासून फार दूर जात नसे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच मुद्दा मांडला होता. कर भरतो रयत आणि शिक्षण मिळते वरच्या वर्गांना, ही तक्रार करून प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी शासनाने सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. हैदराबादेत याचा प्रत्यय भाग्यरेड्डी वर्मा यांच्या कार्यात येतो. अस्पृश्य मुलांना कोणी वर्गात घेत नाही हे पाहून त्यांनी १९१० पासून इसामिया बाजार आणि अन्य वस्त्यांत शाळा काढल्या. पुढे १९३० नंतरच्या दशकात त्या शासनाने आपल्याकडे घेतल्या. समाजाच्या दानशूरपणाचे हात जिथे पोचले नाहीत, तिथे शेवटी शासनाचाच आधार घ्यावा लागला. शाळेचा मालक कोण यापेक्षा तिच्या दारातून कोणाला आत येता येते, ही कसोटी अधिक महत्त्वाची आहे, असे या दोन्ही अनुभवांवरून म्हणता येईल.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचा मराठी माणूस आपल्याच शहरात अल्पसंख्य झाला. पुढच्या तीन-चार दशकांत खाजगी शाळा या शब्दाचा अर्थही पालटला. फी, गणवेश, बस आणि इंग्रजी माध्यम या चार खांबांवर उभा राहिलेला व्यवसाय असा तो नवा अर्थ होता. ज्यांची ऐपत होती ते तिकडे गेले. जे उरले त्यांच्यासाठी सरकारी शाळा उरली. ज्या शाळेत अधिकाऱ्याचे मूल नाही, तिच्या गळक्या छपराची तक्रार ऐकणार तरी कोण?

यात माझाही वाटा आहे. मी याच शहरातील मराठी शाळेत नाममात्र फीवर शिकलो. पायांत चपला नसलेला मुलगा आणि डॉक्टरांचा मुलगा एका बाकावर बसत असू. त्यांतला पहिला मी होतो. एम.ए. होऊन मराठीचा प्राध्यापक झालो. मुलीच्या वेळी मात्र पहाटे उठून एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या फाटकाबाहेर रांगेत उभा राहिलो. तिचे भले झाले, हे नाकारणे दांभिकपणाचे होईल. पण पुढे एकदा तिला याच ग्रंथालयात आणले, तेव्हा कपाटातून काढलेल्या कादंबरीच्या पहिल्या पानापलीकडे ती जाऊ शकली नाही. हिंदीमुळे अक्षरे ओळखीची होती, भाषा परकी झाली होती. त्या दिवशी मी वर्गात काय शिकवले ते आठवत नाही; शिकवताना वाटलेली लाज तेवढी आठवते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षण हा बालकाचा हक्क ठरवला आणि खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या. २०२२ साली तेलंगण शासनाने सरकारी शाळांतही इंग्रजी माध्यम आणण्याचा निर्णय घेतला. पालकांची ओढ पाहता त्याला नावे ठेवण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. पण एकेकाळी उर्दूच्या उंबरठ्यावर अडखळणारे मूल आज इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडखळू नये, एवढी काळजी वाहणे हे सर्वांचेच कर्तव्य आहे.

ग्रंथालयाची शंभरी साजरी करताना केवळ पूर्वसूरींचे गुणगान करून थांबणे उचित नव्हे. केशवरावांच्या पिढीने वर्गणी दिली ती फक्त स्वतःच्या मुलांसाठी नव्हती. आपणही दर रविवारी दोन तास या वाचनगृहात एक विनामूल्य मराठी वाचनवर्ग भरवू शकतो. तिथे सरकारी शाळेतले मूल यावे आणि महागड्या शाळेतलेही यावे. शिकवण्याचे काम करायला मी तयार आहे. पहिल्या बाकावर मुलीला बसवण्याचीही माझी तयारी आहे, ती आली तर.